सीएसआर निधी आणि कंपनीचे स्वयंसेवक: छोट्या संस्थेने कोणत्या क्रमाने काय करावे

सीएसआर निधी म्हणजे ठरावीक कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा. त्याच्या बाबतीत बहुतेक छोट्या संस्था उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी प्रस्ताव लिहायचा, हाती लागतील त्या सगळ्या ई-मेलवर तो पाठवायचा, आणि एखाद्या कंपनीचा फोन आला की कागदपत्रं शोधायला लागायचं. कागद जुळेपर्यंत कंपनीचं आर्थिक वर्ष संपलेलं असतं. वर्षानुवर्षं वस्तीत प्रामाणिकपणे काम करणारी संस्था मागे राहते आणि फाईल तयार असलेली संस्था निधी घेऊन जाते.

दुसरी गफलत स्वयंसेवकांच्या बाबतीत होते. कंपनीचे चाळीस कर्मचारी एका शनिवारी आले म्हणजे निधीही येईल, असं गृहीत धरून संस्था नाही म्हणायला कचरते. निधी आणि स्वयंसेवा या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्या एकत्र येऊ शकतात, पण आपोआप येत नाहीत.

हा लेख महाराष्ट्रात नोंदलेल्या ट्रस्ट आणि सोसायट्यांसाठी आहे. तुमची कलम ८ कंपनी (कंपनी कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था) असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा भाग सोडून बाकीचं जवळपास तसंच लागू होतं.

## टप्पा १: फाईल आधी तयार करा

कंपनीला पहिली ई-मेल पाठवण्यापूर्वी पुढचे कागद एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवलेले असावेत:

- नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड किंवा संस्थेची घटना
- धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा (विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा) अलीकडचा उतारा
- संस्थेचं पॅन कार्ड आणि रद्द केलेला धनादेश
- आयकर खात्याचे १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणीचे आदेश
- सीएसआर-१ फॉर्मची मंजुरी आणि नोंदणी क्रमांक
- मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आयकर विवरणपत्रं आणि कार्य अहवाल
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. बऱ्याच कंपन्या तो मागतात

यातले तीन कागद हमखास अडवतात.

पहिला परिशिष्ट १. विश्वस्त बदलले, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, पण चेंज रिपोर्ट (बदल कळवण्याचा अर्ज) दाखलच झाला नाही किंवा कार्यालयात पडून आहे, असं असंख्य संस्थांचं चित्र आहे. उताऱ्यावर जुनी नावं आणि ठरावावर नव्यांच्या सह्या दिसल्या की कंपनीचा तपासनीस तिथेच थांबतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवावा, असं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम सांगतो. उशीर झालाच असेल तर विलंब माफीच्या अर्जासह दाखल करा आणि पोच जपून ठेवा. प्रलंबित अर्जाची पोच दाखवून नीट समजावून सांगणाऱ्या संस्थेला कंपन्या समजून घेतात. लपवलेलं मात्र तपासणीत बाहेर येतंच.

दुसरा कागद सीएसआर-१. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचं सीएसआर काम राबवणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे हा फॉर्म भरून स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो. त्यावर अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते, आणि व्यवसाय करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणीकरणही लागतं. डिजिटल सही कोणाच्या नावे काढायची याचा ठराव आधीच करून ठेवा.

तिसरा कागद १२ए आणि ८०जी. २०२१ नंतर या नोंदण्यांना मुदत आली आहे. आदेशावर कोणत्या वर्षापर्यंत वैधता आहे ते वाचा. प्रकल्पाच्या मधेच ती संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केव्हा करायचा हे सीएकडून आजच ठरवून घ्या.

तपासून पाहा: संस्थेचं नाव पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, बँक खातं आणि आयकर आदेश या चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर तेच आहे का? एकीकडे ‘प्रतिष्ठान’ आणि दुसरीकडे ‘फाउंडेशन’ असेल तर सीएसआर-१ भरण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.

तीन वर्षं झाली नसतील तर: स्वतः कंपनीने किंवा सरकारने स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, असा नियम आहे. नव्या संस्थेने यात पळवाट शोधू नये. सीएसआर खर्च सक्तीचा करणारं कंपनी कायद्याचं कलम १३५ ज्यांना लागू नाही अशा छोट्या कंपन्यांची देणगी, कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक देणग्या आणि स्वयंसेवा या वाटा तिला आजही मोकळ्या आहेत. त्यातून झालेल्या कामाच्या नोंदी नीट ठेवल्या, तर तीन वर्षांनी त्याच अनुभवाचा पुरावा ठरतात.

## टप्पा २: कामाचा खरा खर्च काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या मते प्रस्तावाचा जीव यातच असतो, आणि संस्था स्वतःचं सर्वाधिक नुकसान इथेच करून घेतात.

समजा, तुम्ही वस्तीतल्या ६० मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवता. दोन ताईंचं मानधन प्रत्येकी महिना १२,००० रुपये धरलं तर वर्षाला २,८८,००० होतात. अर्धवेळ समन्वयक महिना १०,००० प्रमाणे १,२०,०००. जागेचं भाडं ६०,०००, पुस्तकं आणि साहित्य ४०,०००, प्रवास २४,०००. हिशेबनीस आणि ऑडिट यांच्या खर्चातला या प्रकल्पाचा वाटा ३०,०००. एकूण ५,६२,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे वर्षाला सुमारे ९,४०० रुपये.

होतं काय, की आकडा मोठा दिसेल या धास्तीने समन्वयक, भाडं आणि हिशेबाचा खर्च वगळला जातो. मग बेरीज ३,५२,००० वर येते आणि मुलामागचा खर्च ५,९०० च्या आत दिसतो. कंपनी खूश होते. वर्षभर मात्र भाडं विश्वस्तांच्या खिशातून जातं, समन्वयक सहा महिन्यांत सोडून जातो, आणि पुढच्या वर्षी खरा आकडा मांडला की ‘खर्च एवढा कसा वाढला?’ हा प्रश्न समोर येतो. त्याचं उत्तर देणं फार अवघड जातं.

याच ठिकाणी ‘पाच टक्क्यांचा नियम’ पुढे केला जातो. तो नीट समजून घ्या. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या प्रशासकीय खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात मोडत नाही. तुमच्या शिक्षिकेचं मानधन किंवा समन्वयकाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे. काही कंपन्या संस्थेच्या कार्यालयीन खर्चावर आपली वेगळी मर्यादा घालतात. ते त्यांचं धोरण असतं, कायदा नव्हे. त्यामुळे त्याबद्दल नम्रपणे बोलणी करता येतात, आणि करावीत.

तपासून पाहा: अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ ‘संख्या गुणिले दर गुणिले महिने’ अशी फोड करून लिहिली आहे का? ‘इतर खर्च ५०,०००’ असली ओळ कुठे राहिली असेल तर काढून टाका.

लक्षात ठेवा: कॉर्पस म्हणजे कायम निधीला दिलेली रक्कम जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर सीएसआर खर्चात धरली जात नाही. ‘आमच्या कायम निधीला मदत करा’ ही मागणी सीएसआर विभागाकडे करू नका.

## टप्पा ३: कंपन्या निवडा, यादी लहान ठेवा

मागच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक होता, तिला कलम १३५ लागू होतं. अशा कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची असते. नफ्याची अट ५ कोटींची असल्यामुळे तुमच्या तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीतली, नावही न ऐकलेली कंपनी यात बसू शकते. मोठ्या नावांच्या दारात रांग लावण्यापेक्षा अशी जवळची कंपनी शोधा. आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

माहिती उघड असते. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय खर्च दिसतो. कंपनीचं संकेतस्थळ असेल तर सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथे जाहीर करणं बंधनकारक आहे. प्रत्येक कंपनीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या अहवालांतून तीन गोष्टी टिपून घ्या: कोणत्या विषयावर खर्च केला, कोणत्या जिल्ह्यात केला आणि एका प्रकल्पाला साधारण किती दिले. ज्या कंपनीचा सर्वात छोटा प्रकल्प दोन कोटींचा आहे तिच्याकडे साडेपाच लाख मागून उपयोग नाही. इतक्या छोट्या कामावर देखरेख ठेवायला तिच्याकडे माणसं नसतात.

पाच ते आठ नावं पुरे.

सावधान: ‘सीएसआर फंड मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ किंवा ‘रक्कम खात्यात आली की इतके टक्के रोख परत द्या’ असं सांगणारे दलाल फिरत असतात. तिथल्या तिथे नकार द्या. रोख परतफेडीचा असा व्यवहार म्हणजे खोटी बिलं आली, आणि त्यांवर सही तुमच्या विश्वस्तांची असते.

## टप्पा ४: वेळ साधा

कंपनीची सीएसआर समिती वार्षिक कृती आराखडा तयार करते आणि संचालक मंडळ तो मंजूर करतं. हे चक्र आर्थिक वर्षाप्रमाणे, १ एप्रिल ते ३१ मार्च असं फिरतं. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात जागा हवी असेल तर बोलणं डिसेंबर-जानेवारीत सुरू झालेलं बरं. वर्षाच्या मधे आराखडा बदलता येतो, पण त्यासाठी पुन्हा समितीची शिफारस लागते. छोट्या संस्थेसाठी एवढी धडपड क्वचितच होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक फोन येतो: ‘शिल्लक रक्कम आहे, ३१ मार्चच्या आत खर्च करा.’ मोह होतो, पण थांबून विचार करा. कंपनीने तुमच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे तिचा खर्च झाला, असं धरलं जात नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरावे लागतात. वर्षाअखेर न वापरलेली रक्कम चालू (एकाहून अधिक वर्षांच्या) प्रकल्पाची असेल तर कंपनीला ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि तशी नसेल तर सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ (सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी) मधल्या एखाद्या निधीत भरावी लागते. म्हणून अशा वेळी चटकन आणि खरोखर उपयोगी पडेल अशीच गोष्ट मागा: वर्गासाठी बाकं, पाण्याचं शुद्धीकरण यंत्र, दिव्यांगांसाठी साधनं. वर्षभराचे पगार मार्चमध्ये ‘खर्ची’ दाखवायला कोणी सांगितलं तर ते करू नका.

## टप्पा ५: पहिली भेट, मग प्रस्ताव

आधी एका पानाची टिपणी पाठवा: कोणता प्रश्न, कुठे, किती लोकांसाठी, तुम्ही आजवर काय केलं, किती रक्कम हवी आणि त्यातून वर्षअखेर काय झालेलं असेल. भेट ठरली की त्यांना कामाच्या जागी बोलवा. तिथे सजावट नको. वर्ग नेहमीसारखा चालू असू द्या.

सविस्तर प्रस्ताव भेटीनंतर, कंपनीच्या नमुन्यात लिहा. तुमचं काम अनुसूची ७ मधल्या कोणत्या बाबीत बसतं ते पहिल्याच पानावर लिहा: शिक्षण, आरोग्य व स्वच्छता, महिला सक्षमीकरण, पर्यावरण, ग्रामीण विकास, झोपडपट्टी विकास वगैरे. त्यांना ते समितीपुढे मांडायचं असतं. तुम्ही लिहून दिलंत तर त्यांचं काम हलकं होतं.

नेहमीच्या चुका:

- आकडे फुगवणं. ‘५,००० लाभार्थी’ लिहून ६० मुलांचा हजेरीपट जोडणं.
- संस्थेचा इतिहास चार पानं आणि कामाचं वेळापत्रक चार ओळी.
- कंपनीच्या कामगारांच्याच कुटुंबांपुरता कार्यक्रम आखणं. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम सीएसआरमध्ये चालत नाही.
- मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा असे एकदाचे कार्यक्रम मागणं. कंपनीच्या जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्वही सीएसआर ठरत नाही.

## टप्पा ६: करार वाचल्याशिवाय सही नको

मंजुरीचा आनंद मोठा असतो, आणि त्याच भरात करार न वाचता सही होते. निदान या बाबी पाहा.

हप्ते: पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी मिळतोय का? ‘आधी खर्च करा, मग भरपाई’ ही पद्धत हाताशी शिल्लक नसलेल्या संस्थेला पेलत नाही. ते आत्ताच सांगा.

मालमत्ता: गाडी, इमारत, यंत्र घेतलं तर ते कोणाच्या नावावर? कंपनीला सीएसआरमधून घेतलेली भांडवली मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. सीएसआर क्रमांक असलेली संस्था, बचतगटासारखे लाभार्थींचे समूह किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे ती राहते. प्रकल्प संपल्यावर तिची देखभाल कोण करणार, हेही लिहून घ्या.

लाभार्थींची माहिती: मुलांचे फोटो, पत्ते, आधार क्रमांक मागितले जातात. हजेरी आणि संख्या द्या. ओळख पटेल अशी माहिती पालकांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका. आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा तर कधीच नको.

बदल: एका शीर्षकाखालची रक्कम दुसऱ्याकडे किती टक्क्यांपर्यंत वळवता येते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागते?

परदेशी पैशाची खूण: बहुराष्ट्रीय कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम मूळ कंपनीचं परदेशातलं फाउंडेशन देतं, अशी योजना असते. ती रक्कम बाहेरून येत असेल तर ती परदेशी देणगी ठरते. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं त्यासाठीचं खातं नसेल तर ती स्वीकारू नका. पैसे नेमके कोणत्या देशातल्या खात्यातून येणार, हे लेखी विचारा.

## टप्पा ७: पैसे वापरताना नोंदी त्याच दिवशी

वेगळं बँक खातं ठेवलंत तर अर्धी डोकेदुखी जाते. करारात अट नसली तरी ठेवा. प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव आणि अंदाजपत्रकातली ओळ लिहा. मानधन बँकेतूनच द्या.

वापराच्या प्रमाणपत्रासाठी वर्षअखेरीची वाट पाहू नका. दिलेली रक्कम ठरल्याप्रमाणे वापरली गेली, हे कंपनीच्या वित्त प्रमुखाला संचालक मंडळापुढे प्रमाणित करावं लागतं. तुमचा कागद अडला की त्याचंही काम अडतं, आणि पुढच्या वर्षी ते त्याच्या लक्षात राहतं. खात्यात पडून असलेल्या रकमेवर व्याज मिळालं तर तेही त्याच प्रकल्पात वापरायचं असतं. हिशेबात वेगळं दाखवा.

## टप्पा ८: स्वयंसेवकांना बोलावण्याआधी

कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची किंमत रुपयांत काढून कंपनीला ती सीएसआर खर्चात धरता येत नाही. ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात कंपनी व्यवहार मंत्रालयाने हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे स्वयंसेवकांमुळे तुमच्या अनुदानाची रक्कम कमी व्हायचं कारण नाही. ‘आमची माणसं शिकवतील, शिक्षिकेचा पगार कशाला?’ असं कोणी म्हटलं तर हे समोर ठेवा.

बोलावण्याआधी कामांची यादी करा, आणि ती तुमच्या गरजेवरून करा. भिंत रंगवणं हे सगळ्यांना आधी सुचतं, म्हणून एकाच शाळेची तीच भिंत तीन कंपन्यांकडून रंगवली जाते. त्यापेक्षा हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणं, नोंदींचं कोष्टक तयार करणं, मोठ्या मुलांच्या मुलाखतीचा सराव घेणं, संस्थेच्या करारांवर कंपनीच्या वकिलाने नजर टाकणं या कामांत त्यांचं कौशल्य खरं उपयोगी पडतं. त्यासाठी चाळीस माणसं लागत नाहीत. तीन जण आणि तीन महिने पुरतात. कंपनीला मोठ्या संख्येचा दिवस हवाच असेल तर साठा मोजून लावणं, पुस्तकांना कव्हर घालणं, किट भरणं अशी कामं ठेवा. झाडं लावायची असतील तर पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे ठरल्यावरच खड्डे खणा.

त्या दिवसाची तयारी अशी:

१. परीक्षा, सण आणि पगाराचे दिवस टाळून तारीख तुम्ही सुचवा.
२. कमाल संख्या लेखी कळवा. साठ मुलांच्या वर्गात चाळीस पाहुणे आले की त्या दिवशी शिकणं होत नाही.
३. साहित्य, चहा-नाश्ता आणि तुमच्या कार्यकर्त्यांच्या वेळेचा खर्च काढून तो आधीच मागा. हा खर्च संस्थेने गपचूप सोसू नये.
४. दर आठ-दहा स्वयंसेवकांमागे संस्थेचा एक माणूस ठेवा.
५. सुरुवातीला वीस मिनिटं वस्तीची ओळख आणि नियम सांगा. मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, फोन नंबर घ्यायचे-द्यायचे नाहीत, एखाद्याच मुलाला भेटवस्तू द्यायची नाही, परवानगीशिवाय फोटो नाही.

पाचव्या मुद्द्यावर तडजोड करू नका, समोर कितीही मोठा अधिकारी असला तरी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासंबंधीचा २०१२ चा पॉक्सो कायदा आपल्याकडे आहे. गुन्हा घडल्याचं कळलं तर तो पोलिसांना कळवणं संस्थेवर बंधनकारक आहे. संस्थेचं बालसुरक्षा धोरण एका पानाचं का असेना, लिहिलेलं हवं आणि आलेल्या प्रत्येकाची त्यावर सही हवी.

तपासून पाहा: दिवस संपल्यावर नावं, तास आणि झालेलं काम नोंदवलं का? त्याच आठवड्यात कंपनीला पाठवा. जे दोन-तीन जण पुन्हा येण्याबद्दल स्वतःहून विचारतात त्यांच्याशी संपर्क ठेवा. सीएसआर विभागातली माणसं बदलली तरी तुमच्या कामाची माहिती असलेलं कोणीतरी कंपनीत असतं, ते यांच्यामुळे.

## टप्पा ९: अहवाल आणि पुढचं वर्ष

अहवालात ठरवलेलं आणि झालेलं शेजारी-शेजारी लिहा. ६० मुलं ठरली होती आणि वर्षअखेर ४७ उरली असतील तर ४७ लिहा, आणि १३ का गेली तेही: कुटुंबं स्थलांतरित झाली, वीटभट्टीवर गेली, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिली. अशी माहिती देणाऱ्या संस्थेचे बाकीचे आकडेही खरे वाटतात. शिवाय पुढच्या प्रस्तावात हंगामी वर्ग किंवा पाळणाघर का हवं, हे वेगळं पटवावं लागत नाही.

पुढच्या वर्षाचं बोलणं अंतिम अहवालापर्यंत लांबवू नका. नोव्हेंबरमध्ये सहामाही अहवाल द्या आणि त्याच भेटीत विचारा, ‘पुढच्या आराखड्यात आमचा विचार होणार आहे का?’ उत्तर नाही आलं, तर ताईंचं मानधन एप्रिलपासून कुठून द्यायचं हे शोधायला तुमच्या हातात चार महिने असतात. टप्पा ३ मधली यादी त्या दिवशी पुन्हा उघडा.